फैफाच्या धुक्यातली ओकीबोकी झाडं

जिझानला राहते असं सांगितलं, की भारतातले नातेवाईक हमखास विचारतात, "म्हणजे जेद्दाजवळ का?" जेद्दा इथून सातशे किलोमीटर. येमेनची सीमा त्यापेक्षा कितीतरी जवळ. आणि दुसरा प्रश्न ठरलेला, "तिकडे वाळूशिवाय आहे तरी काय?" आठ वर्षांत या प्रश्नाला मी नाना उत्तरं दिली. मोगरा आहे म्हणाले, इथले लोक त्याला 'फुल' म्हणतात आणि त्याचे गजरे रस्त्यावर विकतात. आंबे आहेत म्हणाले. कुणाचा विश्वास बसला असं वाटत नाही.

गेल्या डिसेंबरात वाईजवळच्या माझ्या जुन्या शाळेतून एका मैत्रिणीचा फोन आला. त्या शाळेत मी पाच वर्षं भूगोल शिकवला. आता माझे तास ती घेते. म्हणाली, "अगं, सातवीच्या पोरांना सौदी म्हटलं की वाळू आणि उंट एवढंच डोळ्यांपुढे येतं. तू तिथे आहेस तर फोटो पाठव की. मी वर्गात दाखवते." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की इतक्या वर्षांत मला कुणी कामासाठी म्हणून काही मागितलं, ते हे पहिलंच. व्हिसावर 'आश्रित' असा शिक्का घेऊन आलेल्या बाईला याचं मोल कळेल. इतरांना सांगून उपयोग नाही.

फोटो कशाचे काढायचे हे मी लगेच ठरवून टाकलं: फैफाच्या डोंगरात हिवाळ्यात उभी असलेली ओकीबोकी झाडं.

जिझान शहरात हिवाळा असा नसतोच. जानेवारीत दुपारी तीस अंश, रात्री बावीस-तेवीस. स्वेटर ट्रंकेत, एसी चालू. पण सबियावरून ईदाबीच्या दिशेनं निघालं, की साधारण शंभर किलोमीटरवर डोंगर अंगावर येतात. फैफाची उंची महाबळेश्वरहून जास्त. रस्ता असा की आमचा घाटाचा सराव असूनही नवऱ्यानं गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर नेली आणि लेकीनं माझा हात सोडला नाही. वळणं एकावर एक रचलेली, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसता पांढरा धूर. धूर कसला, धुकंच ते.

या धुक्याचं गणित वाईच्या कुठल्याही मुलाला समजेल. तांबड्या समुद्राकडून दमट वारा येतो. किनाऱ्याची सपाट पट्टी, तिला तिहामा म्हणतात, ती ओलांडून तो सरवात पर्वताच्या भिंतीला धडकतो. वर चढताना गार होतो आणि त्यातल्या वाफेचे थेंब होतात. तिहामा म्हणजे कोकण आणि सरवात म्हणजे सह्याद्री, एवढं सांगितलं की नकाशा फळ्यावर न काढताही पाठ होतो. साम्य वरवरचंही नाही. दोन्ही पर्वतांचे कडे पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून आहेत आणि दोन्ही जमीन फाटून निघाल्याच्या कडा आहेत. अरबस्तान आफ्रिकेपासून सुटू लागला ते सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी. आपला सह्याद्री त्याहून जुना. फरक पावसाचा. तिथे चार महिने धो धो, इथे जेमतेम. म्हणून झाडं पाणी धरून ठेवायच्या युक्त्या करतात.

आणि सगळ्यांत नाटकी युक्ती अडेनियमची. हो, तेच, जे तुमच्या-आमच्या पुण्यातल्या बाल्कनीत कुंडीत असतं आणि ज्याला नर्सरीवाला 'डेझर्ट रोझ' म्हणून दुप्पट भावानं देतो. इथे ते कातळाच्या फटीत, कुणी न लावलेलं. बुंधा मडक्यासारखा फुगलेला, त्यातच पाण्याचा साठा. वर चार बोटक्या फांद्या आणि कोरड्या दिवसांत पान एकही नाही. आपल्या देवळापुढच्या चाफ्याचं हे नात्यातलं झाड, एकाच कुळातलं. चीकही तसाच पांढरा, फक्त हा जहरी. आफ्रिकेत शिकारी बाणाच्या टोकाला लावत. लेकीला हात लावू नको म्हणून तीनदा बजावलं.

या झाडाला शास्त्रीय पुस्तकात आणलं पीटर फोर्सकोलनं. हा लिनियसचा शिष्य, डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात पाठवलेल्या सहा जणांच्या मोहिमेतला. १७६२ च्या डिसेंबरात ही मंडळी जेद्दाहून जहाजानं याच किनाऱ्यालगत दक्षिणेला येमेनमधल्या लोहैयाला गेली. पुढच्या जुलैत फोर्सकोल येमेनच्या डोंगरात हिवतापानं गेला, वय अवघं एकतीस. सहांपैकी एकटा कार्स्टन नीबूर घरी परतला, आणि परततानाची त्याची वाट मुंबईवरून होती! तिथल्या मुक्कामात त्यानं घारापुरीच्या लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली. मित्राच्या टिपणांचं पुस्तकही त्यानंच १७७५ मध्ये छापून आणलं. हा धागा हाती लागला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते.

दुसरं झाड बोळाचं. काटेरी, बुटकं, वर्षाचा बराच काळ निष्पर्ण, सालीचे पापुद्रे सुटलेले. माझ्या बाळंतपणात आईनं डब्यात भरून पाठवलेला हिराबोळ हा याच जातीच्या झाडाचा डिंक. तो आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात कुठून येतो, याचा विचार मी कधी केला नव्हता.

आता फोटोंविषयी. धुक्यात कॅमेरा बिचकतो. समोर सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं प्रकाश फार झाला, आणि तो चित्र मळकट राखाडी करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर एका घरानं वाढवायचं. फोकसही आपोआप लागत नाही, भिंग पुढे-मागे घरंगळत राहतं. हातानं बुंध्याच्या कडेवर लावायचा. आणि थांबायचं. धुकं दर मिनिटाला हलतं. मागचे दगडी गोल बुरुजांसारखे घरांचे आकार आणि डोंगरउताराच्या ताली कधी दिसतात, कधी पुसल्या जातात. झाड एकटं उरतं तो क्षण दोन-तीन श्वासांचा.

तिथेच एक आजोबा काठी टेकत आले. कमरेला लुंगीसारखं वस्त्र, डोक्यावर सुगंधी पाल्याची वेणी. त्यांना वाटलं मी त्यांच्या घराचा फोटो काढतेय. इथे लोकांच्या घराकडे कॅमेरा रोखणं बरं दिसत नाही, म्हणून मी आधी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. सगळी चित्रं पाहून ते नवऱ्याला म्हणाले, पलीकडे कॉफीची हिरवीगार झाडं आहेत, ती सोडून ही बाई या वाळक्याचे फोटो का काढते?

प्रश्न रास्त होता. या डोंगरातली खौलानी कॉफी नावाजलेली. तिच्या लागवडीची परंपरा २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. मी माझ्या मोडक्या अरबीत म्हणाले, "या अम, मी शिक्षिका आहे. मुलांना दाखवायचंय." 'होते' म्हणायला हवं होतं, पण अरबीतला भूतकाळ मला तितकासा जमत नाही. आजोबांचा चेहरा बदलला. 'उस्ताज़ा' म्हणाले, आणि काठीनं अडेनियमचा बुंधा हलकेच ठोकून, "मेलेलं नाही. नायिम." झोपलंय. मग आम्हाला त्यांच्या ओट्यावर नेऊन किश्र पाजलं. कॉफीच्या फळाच्या टरफलांचा काढा, आलं घातलेला. आमच्याकडच्या गवती चहाइतकाच थंडीवर गुणकारी. घरातल्या बायकांनी लेकीला आत नेलं आणि ती मोगऱ्याचा गजरा घालून बाहेर आली.

नऊ फोटो शाळेला पाठवले. मैत्रिणीनं वर्गातून वहीची पानं फाडून मुलांचे प्रश्न पाठवले आहेत, एकूण एकतीस. उंट कुठे गेले? हे आपल्या रानातलं कांडोळ का? तिथे शाळेला थंडीची सुट्टी असते का? एकानं विचारलंय, झाड झोपलंय हे ओळखायचं कसं?

मार्चमध्ये आमचा इथला मुक्काम संपतोय. सामानाच्या याद्या सुरू झाल्या आहेत, आणि वाईत परत नोकरी मिळेल का याचीही चौकशी. त्याआधी फेब्रुवारीत एकदा फैफाला जायचं आहे. तोवर त्या झाडाला, पानांच्याही आधी, गुलाबी फुलं आलेली असू शकतात. एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोसोबत पाठवीन म्हणून कळवलं आहे.