बावन्नातून सतरा

५२ मधून १७ वजा करायला सांगितलं की काही पाट्यांवर हमखास ४५ येतं. बघणाऱ्याला वाटतं, मुलाचं लक्ष नाही. पण मुलानं लक्ष देऊनच केलेलं असतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम पहिलीपासून त्याच्या अंगवळणी पडलेला. एकअंकी वजाबाकीत तो कधी चुकत नाही, म्हणून इथेही ते इमानानं तोच लावतं. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत माझं खरं काम इथून सुरू होतं. फुली मारायला वेळ लागत नाही. ‘कसं केलंस, सांग बरं,’ असं विचारून मूल बोलेपर्यंत थांबायला मात्र वेळ लागतो. आणि तोवर दुसऱ्या इयत्तेची मुलं त्याच खोलीत गलका करत असतात.

दुसरीतली एक मुलगी वर्गात तोंडच उघडायची नाही. तिच्यापुढे काड्या ठेवल्या. दहादहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. म्हटलं, मला सतरा दे. तिनं एक गठ्ठा दिला, सुट्या दोन दिल्या आणि थांबली. ‘बाई, पाच कमी पडतात.’ मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तिनं दुसरा गठ्ठा उचलला. ‘सोडू का?’ रबर निघालं, पाच काड्या माझ्या हातात आल्या, तिच्यापुढे तीन गठ्ठे आणि पाच काड्या उरल्या. मग पाटीवर पाच खोडून चार केले, दोनाच्या डोक्यावर बारा लिहिले. हे मी सांगितलं असतं तर तिनं पाठ केलं असतं. तिला ते सापडलं, हे माझ्या लेखी फार मोठं आहे.

नेमक्या अशा वेळी फोन वाजतो. बारा वाजायच्या आत माहिती भरा. पोषण आहाराची आजची नोंद राहिलीय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदार यादीचं काम एरवीही मागे असतं आणि ऑनलाइन माहितीला तर कोणी काम म्हणतच नाही. मला कष्टाचा राग नाही. ‘सोडू का?’ विचारणाऱ्या मुलीसमोरून उठावं लागतं, त्याचा राग आहे. मी परत येईपर्यंत तिचा धागा तुटलेला असतो.

त्यात ऊसतोडीचा हंगाम. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली घरं फडावर जातात. आजी-आजोबांजवळ राहतात ती मुलं शाळेत दिसतात. बाकीची थेट पाडव्याच्या सुमाराला येतात आणि हातचा पुन्हा पहिल्या काडीपासून सुरू होतो. त्यांच्या आईबापांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पोट हातावर आहे.

पण अशाच एका परतलेल्या मुलाशेजारी ती न बोलणारी मुलगी आपणहून जाऊन बसली. तो अडला तेव्हा म्हणाली, ‘गठ्ठा सोड की!’ उत्तर सांगितलं नाही, वाट दाखवली. शिक्षकाला याहून मोठी पावती कोणी देऊ शकत नाही.

शिक्षकांची दैना मांडायला मी हे लिहीत नाही. मागणं एवढंच आहे की शाळेच्या वेळेतला शिक्षक मुलांसाठी मोकळा ठेवा. मुलाची चूक नीट ऐकून घेणं हेच शिकवण्यातलं सर्वांत कसबाचं काम आहे आणि ते दोन फोनांच्या मधल्या फटीत होत नाही.