लगेजच्या डब्यातली रोजरी

रोजरी, म्हणजे माळेवर मोजत म्हणायची मारियेची प्रार्थना, मला आईने शिकवली. ती गर्दीत कशी म्हणायची, हे मात्र मी पश्चिम रेल्वेच्या लगेजच्या डब्यात शिकले, आमच्या शेजारच्या मावशीकडून. वसईतल्या वाडीतली केळी, विड्याची पानं, मोसमात फुलं अशा टोपल्या घेऊन ती पहाटेच्या गाडीने दादरला जायची. मी तिथेच कॉलेजात होते. लेडीज डब्यात शिरता आलं नाही की मावशी मला आपल्याकडे ओढून घ्यायची.

नायगाव गेलं की तिचे ओठ हलू लागत. माळ गर्दीत तुटते म्हणून ती बोटांवर मोजायची. दहा बोटं, दहा नमो मारिया. मध्येच कुणी भाव विचारला तर सांगायची, कुणी टोपलीवर पाय ठेवला तर त्याला चांगलं खडसवायची, आणि थांबल्या बोटावरून पुन्हा सुरू. मला ते सुरुवातीला खटकायचं. माझ्या मते प्रार्थनेला दार लावून घेतलेली खोली हवी, मेणबत्ती हवी. अशी खोली आमच्या घरात कुणालाच कधी मिळाली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तिची प्रत्येक दहाची माळ कुणाच्या तरी नावाने असायची. पहिली नवऱ्याच्या दम्यासाठी, दुसरी दुबईला गेलेल्या भाच्यासाठी, पुढच्या रोज बदलत्या. दादर येईपर्यंत रोजरीच्या पाचही माळा संपत आणि गप्पांना वेळ उरे. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोजरीत प्रकाशाची पाच रहस्यं, म्हणजे येशूच्या आयुष्यातले चिंतनाचे पाच प्रसंग, नव्याने घातली. मावशीला वाचता येत नव्हतं. मी ती तिला गाडीत तोंडपाठ करून दिली. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचं दुसरं रहस्य तिला सर्वांत आवडलं. ऐन पंगतीत वाढायला कमी पडलं की यजमानाचा जीव कसा होतो, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. बाकीच्या चारांपेक्षा ती तिथे जास्त रेंगाळायची, असा माझा संशय आहे.

पुढे एका प्रवचनात मी ब्रदर लॉरेन्सबद्दल ऐकलं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ते स्वयंपाकघरात राबत, आणि भांड्याकुंड्यांच्या आवाजातही देवाशी बोलत. ऐकताना वाटलं, त्यांच्या भांड्यांना निदान कोपरं तरी नव्हती.

पण मावशीचं मी खरं देणं लागते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. त्याच कॉलेजच्या दिवसांत बाबांना परळच्या एका रुग्णालयात ठेवलं होतं. आई दिवसरात्र खाटेपाशी. माल खपला की परतीच्या गाडीपर्यंत मावशीच्या हाती थोडा मोकळा वेळ असे. बरोबरच्या बायका तेवढ्यात चहा घेत, पाय पसरत. मावशी रिकाम्या टोपल्या सोबतिणीकडे ठेवून चालत परळला यायची, स्टुलावर बसायची आणि आईला म्हणायची, "तू जा. तोंड धू, काहीतरी खाऊन ये." बाबांशी ती फारसं बोलत नसे. त्यांच्या उशाशी बसून बोटं मोजायची. आई परत आली की उठायची, कारण गाडी चुकली तर वाडीतलं संध्याकाळचं पाणी राहून जाई.

त्या आठवड्यांत आईने जे काही सुखाने खाल्लं असेल ते त्या अर्ध्या तासात. आम्हाला भेटायला येणाऱ्यांपैकी बरेच जण तासन्‌तास बसत आणि आईलाच चहा आणायला पाठवत.

बाबा घरी आले तेव्हा आईने मावशीला साडी नेसवली. तिने आढेवेढे न घेता घेतली. दुसऱ्या दिवशी गाडीत नायगाव सुटलं तशी मला कोपराने ढोसून म्हणाली, "बाबा तुझा आला घरी. आता त्याची माळ रिकामी झाली, कुणाच्या नावाने म्हणू?"

मी बाबांच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं नाव सांगितलं.

"बायको आहे का त्याला? ती जेवते का?" मावशीने विचारलं आणि पहिलं बोट दुमडलं.