१७ नंबरचा फलाट

बर्लिनमधली म्युझियमं, बागा, नदीतली बोटीची सहल, सगळं पाहून झालं आणि बरंचसं विसरूनही गेलो. डोक्यातून जात नाही तो ग्रूनेवाल्ड स्टेशनचा १७ नंबरचा फलाट. मला लहानपणापासून रेल्वेचं वेड. नव्या गावी गेलो की आधी स्टेशन पाहायचं, ही माझी रीत.

ग्रूनेवाल्ड ही गर्द झाडीतली, बंगल्यांची श्रीमंत वस्ती. नाझी राजवटीत, १८ ऑक्टोबर १९४१ रोजी हजाराहून अधिक ज्यूंना घेऊन इथून पहिली गाडी पोलंडमधल्या वूचच्या घेट्टोकडे, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीकडे निघाली. आता रुळांमध्ये झाडं वाढली आहेत आणि ती मुद्दाम तशीच राखली आहेत. फलाटाच्या कडेने १८६ पोलादी पाट्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसं किती आणि गाडी कुठून कुठे, एवढंच. हे स्मारक १९९८ साली जर्मन रेल्वेनेच उभारलं.

शाळेची एक सहल आली होती. एका मुलाने बाईंना काहीतरी विचारलं आणि सगळा वर्ग गप्प झाला. न राहवून मी बाईंना विचारलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "यांची तिकिटं कोण काढायचं, असं विचारतोय तो."

तिकिटं होती. रेल्वे माणशी, किलोमीटरमागे तिसऱ्या वर्गाचं भाडं लावायची. मुलांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेहून जास्त माणसं असली की सवलत. ज्यूंना जाण्यापुरतंच भाडं लागे. पहारेकऱ्यांचं मात्र परतीचंही घेतलं जाई. बाई सांगत होत्या आणि वेळापत्रकं हौसेने वाचणाऱ्या मला पोटात ढवळून आलं.

शेवटच्या पाटीपाशी एक मुलगी वाकून वाचत होती: २७ मार्च १९४५. माणसांचा आकडा पन्नाससुद्धा नाही. मुक्काम थेरेझिएनश्टाटची छळछावणी. "तेव्हा रशियन सैन्य ओडर नदीवर येऊन ठेपलं होतं ना?" तिने विचारलं. बाईंनी मान हलवली. शहरावर बॉम्ब पडत होते, युद्ध हरल्यात जमा होतं, तरी एवढ्याशा माणसांना पाठवायची सोय कोणीतरी केलीच होती.

त्याच लाइनवर पुढे वानझे आहे. तिथल्या बंगल्यात २० जानेवारी १९४२ रोजी १५ नाझी अधिकारी युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी करायला दीडेक तास बसले. त्यांच्यापुढच्या यादीत देशवार १ कोटी १० लाख ज्यू होते. अल्बानियातले २००सुद्धा सुटले नव्हते.

सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. त्यानंतर, १९४८ साली, संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्ध करार केला. पण कराराच्या भरवशावर निर्धास्त राहावं, असं मला वाटत नाही. द्वेषाची भाषणं सगळ्यांना ऐकू येतात. कचेरीत बसून केलेल्या याद्या, आखलेली वेळापत्रकं आणि ठरवलेली भाडी मात्र कोणाच्या कानावर पडत नाहीत. माणसांची वंशावरून यादी होऊ लागली की पहिल्याच नावाला अडवलं पाहिजे. गाडी लागल्यावर फार उशीर झालेला असतो.