गोंदणासकट

सातपुड्यातल्या पाड्यांवरून तळोद्याच्या फोटो स्टुडिओत येणारी माणसं बहुतेक दोनच वेळी येतात: घरात लग्न निघालं की, नाहीतर घरातलं कुणी गेलं की. मजकूर लिहून द्यायला मी अधूनमधून तिथे बसतो. लग्नवाल्यांकडे मोबाइलभर फोटो असतात. दुसऱ्यांकडे असतं कडा झिजलेलं एक ओळखपत्र आणि त्यावर नखाएवढा चेहरा. "आईचा एवढाच आहे, भाऊ. बाबाजवळ बसवून द्या."

बाबाचा फोटो वेगळ्याच पिशवीतून निघतो. जन्मभर दोघं एका शेतात राबलेली, पण एका फोटोत कधी आलेली नाहीत. त्यांना शेजारी बसवणं हे मला फार मोठं काम वाटतं. चेहरे कापून दोन लेअरवर ठेवायचे, खांदे जुळवायचे, एकावर डावीकडून आणि दुसऱ्यावर उजवीकडून उजेड असेल तर तो सारखा करायचा. ही जोडणी जुनीच: १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडरने तीसेक निगेटिव्ह एकेक करून छापल्या आणि त्यांतून एकच मोठं चित्र घडवलं. फोटोशॉपमध्ये लेअर आले ते १९९४ साली.

पण आठ बाय बारा इंचांच्या चांगल्या छपाईला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, आणि पासपोर्ट फोटो इंचाला तेवढेच पिक्सेल धरून स्कॅन केला तर त्यातून मिळतात जेमतेम चारशे बाय पाचशे. उरलेलं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. गाल गुळगुळीत होतात, सुरकुत्या विरतात. वर "जरा साफ करून द्या" ही विनंती असतेच. मग फोटोशॉपच्या २००२ च्या सातव्या आवृत्तीपासून आलेला हीलिंग ब्रश फिरतो. डागाशेजारची कातडी उचलून तो डागावर पसरतो, आणि कपाळावरचे, हनुवटीवरचे हिरवट ठिपके त्याच्या लेखी डागच.

ते गोंदण असतं. सुई सोसून घेतलेलं. अंगावरचं चांदीचं सगळं मागे राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं जुन्या बाया मानत आल्या. जे मरणानेही काढून घेतलं नाही, ते तिच्या शेवटच्या फोटोतून आपण का पुसायचं? म्हणून ब्रश हातात घेण्याआधी घरच्यांना विचारावं, असं मी स्टुडिओतल्या पोराला पुन्हा पुन्हा सांगतो. अस्पष्ट ठिपके मोठ्या छपाईत फिकटतात; घरच्यांना जागा विचारून ते थोडे गडद करावेत.

फोटोखालच्या मजकुराचंही तसंच. कार्डावरची जन्मतारीख पुष्कळदा कुणीतरी अंदाजाने टाकलेली, १ जानेवारी नाहीतर १ जून. ती मी गाळतो आणि तिथे पाड्याचं नाव लिहितो. कार्डावरचं नाव एक आणि घरातली हाक दुसरी असेल, तर हाकेचं नाव मोठ्या अक्षरांत घ्यायला सांगतो, कार्डावरचं त्याखाली बारीक.