दोन घराण्यांचा सर्बिया

बेलग्रेडमध्ये कुणाला भेटायचं असलं, की ‘घोड्यापाशी ये’ म्हणतात. रिपब्लिक चौकातल्या त्या घोड्यावर बसलाय प्रिन्स मिहाइलो ओब्रेनोविच. १८६८ साली कोशुत्न्याकच्या रानात त्याला गोळ्या घालून मारलं. घोड्याखाली वाट बघत उभ्या असलेल्या पोरापोरींना त्याचं फारसं काही वाटत नसावं.

तिथून चालत सेंट मार्क चर्चला गेलो. वाटेत जुना राजवाडा लागतो. आता तिथे नगरपालिकेचा कारभार चालतो. त्याच्या शेजारच्या, पुढे पाडून टाकलेल्या वाड्यात जून १९०३च्या एका रात्री लष्करी अधिकारी घुसले. राजा अलेक्सांदर ओब्रेनोविच आणि राणी द्रागा यांना ठार करून प्रेतं खिडकीतून खाली फेकली. मूलबाळ नव्हतं, ओब्रेनोविचांची गादी तिथेच संपली. दोघंही सेंट मार्कमध्ये पुरलेली आहेत. त्याच चर्चमध्ये मध्ययुगीन सम्राट दुशानची कबर आहे, आणि लोक थांबतात ते तिच्यापाशी.

रिकामी गादी मिळाली पेटर काराजॉर्जेविचला. तरुणपणी मिलच्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथाचं सर्बियन भाषांतर केलेला हा गृहस्थ खुन्यांच्या आमंत्रणावरून राजा झाला! आजोबा काराजॉर्जेच्या तोफेचं ब्राँझ वितळवून त्याने मुकुट घडवला. घराण्याचं चर्च त्याने बांधलं ते दक्षिणेला, टोपोलाजवळच्या ओप्लेनात्स टेकडीवर. बाहेरून पांढरा संगमरवर. आत शिरलो आणि मान वर करून उभाच राहिलो: भिंती, घुमट, तळघर, सगळीकडे काचेच्या तुकड्यांची चित्रं, जुन्या मठांतल्या भित्तिचित्रांवरून उतरवलेली. तुकडे म्हणे चार कोटी. वैभव आहे खरं, पण मला ते जरा मोठ्या आवाजात बोलल्यासारखं वाटलं. १९३४ साली मार्सेयमध्ये मारला गेलेला राजा अलेक्सांदर काराजॉर्जेविच तळघरात आहे. परागंदा होऊन अमेरिकेत वारलेल्या दुसऱ्या पेटरच्या अस्थीही २०१३ मध्ये इथेच आणल्या. मूळ पुरुष काराजॉर्जे मात्र वर, मुख्य दालनात.

डुकरांचा व्यापारी असलेल्या या माणसाने १८०४ मध्ये तुर्कांविरुद्ध बंड उभारलं. १८१३ मध्ये पळावं लागलं. १८१७ मध्ये तो चोरून परतला, तोवर मिलोश ओब्रेनोविचने तुर्कांशी जुळवून घेतलं होतं. नव्या बंडाने मिलोशचा डाव मोडला असता. मिलोशच्या हुकमावरून काराजॉर्जेला झोपेत मारलं आणि शीर सुलतानाकडे धाडलं. पुढच्या शतकभराच्या वैराचं मूळ हे.

वेलिका प्लानाजवळचं पोकायनित्सा पाहिलं नसतं तर ओप्लेनात्स अर्धंच कळलं असतं. ओंडके रचून केलेलं, लाकडी छपराचं हे बुटकं चर्च वुयित्सा वुलिचेविचने १८१८ मध्ये पश्चात्तापापोटी बांधलं. तो काराजॉर्जेचा धर्माच्या नात्याने जोडलेला नातलग. सर्बियात हे नातं रक्ताइतकंच पवित्र. त्यानेच काराजॉर्जेला आसरा दिला होता आणि मारेकरीही त्यानेच आणले.

हुकूम देणारा मिलोश राज्य करत राहिला, १८३९ मध्ये पायउतार झाला, १८५८ मध्ये परत गादीवर आला आणि दोन वर्षांनी गादीवर असतानाच, अंथरुणात मेला.