खोलीला रंग किती लागेल? – क्षेत्रफळाचा एक पाठ



क्षेत्रफळ म्हणजे काय विचारलं, की मुलं एका सुरात सांगतात, लांबी गुणिले रुंदी. पण कशाची लांबी आणि कशाची रुंदी? खरी मेख तिथंच आहे.

यंदा आमच्या पाचवीच्या वर्गखोलीला लोकवर्गणीतून रंग द्यायचं ठरलं. पैसे मोजकेच. रंग उरला तर पैसे अडकतात, कमी पडला तर नंतर आणलेल्या रंगाची छटा जुळेलच असं नाही. म्हणून हिशेब मुलांवरच सोपवला.

खोली २० फूट लांब, १५ फूट रुंद, १० फूट उंच. बहुतेकांनी चटकन लिहिलं, २० × १५ = ३०० चौरस फूट. मी चूक म्हटलं नाही. "हे ३०० कुठं आहेत? हात लावून दाखवा," एवढंच म्हणाले. मुलं वाकली, हात फरशीला लागले आणि हशा पिकला. रंग तर भिंतींना द्यायचाय!

मग भिंती मोजल्या. परिमिती ७० फूट, गुणिले उंची १०, म्हणजे ७०० चौरस फूट. दार २१, दोन खिडक्या ३२, फळा ३२, असे ८५ वजा केले. उरले ६१५. डब्यावर लिहिलं होतं, एका लिटरला १२० चौरस फूट. म्हणजे पाच लिटरच्या थोडं वर.

तेवढ्यात गणिताच्या तासाला कधीच न बोलणारा एक मुलगा उठला. "मॅडम, एक हात का दोन हात?" त्याचे वडील रंगकामाला जातात. डब्यावरचा आकडा एकाच हाताचा होता! दोन हातांना १२३० चौरस फूट, म्हणजे साधारण सव्वादहा लिटर. एक डबा १० लिटरचा, एक १ लिटरचा. वरचं पाऊण लिटर राखीव, कारण खरबरीत भिंत रंग जास्त पिते, हेही त्यानंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "३० × १० ची खोली असेल तर?" फरशी तेवढीच, ३०० चौरस फूट. पण परिमिती ८०, भिंती ८००!

पालकहो, घरी एक खोली मुलांना मोजू द्या. टेप त्यांच्याच हातात द्या. आधी अंदाज लिहायला सांगा, मग हिशेब. आणि उत्तर आलं, की एकच प्रश्न विचारा: हे क्षेत्रफळ नेमकं कशाचं?