चहा झाली

१९७८ च्या जुलैत पंजाब मेलने मी झाशीस उतरलो तेव्हा माझ्यापाशी एक वळकटी, एक इंग्रजी शब्दकोश आणि एक भ्रम होता. ज्या नगरात रघुनाथ हरी नेवाळकरांपासून गंगाधररावांपर्यंत एका मराठी घराण्याने कारभार केला, जेथील किल्ला मुळात ओरछाच्या वीरसिंहदेवांचा असला तरी नारोशंकरांनी वाढविला, तेथे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही, असा तो भ्रम. स्थानकाबाहेरच्या टांगेवाल्याने माझी दोन हिंदी वाक्ये ऐकून "मद्रास से आए हो, बाबूजी?" असे विचारले, आणि भ्रम तेथेच निम्मा झाला.

एका महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्याचे काम मिळाले होते. पण इंग्रजी शिकवायची ती हिंदीतून, आणि हिंदी जवळच्या नात्यातली असल्यामुळेच अधिक फसवी. माझे स्वागत करताना, मी विद्यार्थ्यांना उत्तम 'शिक्षा' देईन आणि त्यासाठी भरपूर 'चेष्टा' करीन, अशी आशा व्यक्त झाली. मराठी कानाला हा कार्यक्रम भयंकर वाटला. खरी अडचण मात्र लिंगांची. एका इंग्रजी कवितेचा अर्थ सांगताना मी भारावून "मेरा आत्मा" म्हणालो आणि वर्ग खदखदून हसला. हिंदीत आत्मा स्त्रीलिंगी, देहही स्त्रीलिंगी. मौरानीपूरकडचा एक मुलगा उभा राहून नम्रपणे म्हणाला, "मेरी आत्मा, सर." पुढे ही दुरुस्ती नित्याची झाली. मी त्यांची इंग्रजी क्रियापदे सुधारावी, त्यांनी माझी हिंदी नामे. मुले आपसांत बुंदेली बोलत. त्यांचा होकार 'हओ' असा असे. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा क्षणभर घरचे 'हो' ऐकल्यासारखे वाटले.

त्यांना माझ्याकडून हवी होती ती कविता नव्हे. हवा होता अर्ज. नोकरीचा, फीमाफीचा, बदलीचा. सायंकाळी माझ्या खोलीवर कोणी ना कोणी कोरा कागद घेऊन बसलेले असे. अशा वेळी मला राणी आठवे. १८५४ साली दत्तक नामंजूर होऊन संस्थान खालसा झाले, तेव्हा तिलाही इंग्रजी जाणणारा माणूस शोधावा लागला. सिडनीत जन्मलेला जॉन लँग हा वकील त्यासाठी झाशीस आला; पडद्याआडून झालेल्या त्या भेटीची हकीकत त्याने १८५९ च्या आपल्या पुस्तकात लिहिली आहे. गाऱ्हाणे व्यर्थ गेले. माझ्या हातचे अर्जही बहुतेक व्यर्थच जात, पण मुले पुन्हा येत.

मराठी ऐकू येई ती दोन ठिकाणी. एक रेल्वेच्या वसाहतीत, कारण झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता आणि मुंबई-भुसावळकडची माणसे बदलून येत. दुसरे जुन्या शहरातल्या काही घरांत, ज्यांना गावात 'दक्षिणी' म्हणत. राणीचा विवाह जेथे झाला असे मानतात त्या गणेशमंदिरात भाद्रपदात दोन्ही गट एकत्र येत; पण रेल्वेवाले दक्षिण्यांची मराठी ऐकून गालात हसत. मीही हसत असे, हे कबूल केले पाहिजे.

अशाच एका घरी मी रविवारी जाऊ लागलो. घरातील आजी सत्तरीच्या पुढच्या. पूर्वज सुभेदारीच्या काळात आले, एवढेच त्यांना ठाऊक. महाराष्ट्र त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या बोलण्यात मी केवळ जुन्या कागदांत वाचलेले शब्द होते आणि त्यांच्या शेजारी अस्सल बुंदेली शब्द सुखाने नांदत होते. एकदा पेला पुढे करून त्यांनी विचारले, "मास्तर, चहा गोड झाली का?" मी हसत म्हणालो, "झाला, आजी. चहा झाला." केवळ सवय. आठवडाभर जे वर्गात करीत होतो तेच तेथे केले.

त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी पेला ठेवला आणि म्हणाल्या, "लीजिए, माटसाब." त्यानंतर दोन वर्षे त्या माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलल्या नाहीत. आदरात उणे काही नव्हते. सुनेशी, नातीशी मराठी चालूच होती. मी आत आलो की ती थांबे. वर्गात मला दुरुस्त करणाऱ्या मुलाचा मला राग आला नव्हता, कारण हिंदी माझी नव्हती. त्यांची मराठी त्यांची होती.

त्या दिवसांत मी विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' पुन्हा वाचीत होतो. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात झाशीतच होता. त्याचे लेखन १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले ते बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली दिला. दोन्ही प्रती माझ्या मेजावर शेजारी शेजारी पडलेल्या असत. वैद्यांचा हेतू चांगलाच होता. माझाही होता. पण गोडसे काही वैद्यांच्या घरी चहा घेऊन उभे नव्हते.

नातीचे लग्न ठरले तेव्हा पुण्याच्या दूरच्या नातलगांना निमंत्रण मराठीतून जावे अशी आजींची इच्छा झाली. घरात मराठी लिहिता येणारे कोणी उरले नव्हते. निरोप आला, मी गेलो. आजी प्रथम हिंदीतून सांगू लागल्या. मी लेखणी खाली ठेवली आणि म्हटले, "आजी, तुम्ही म्हणाल तसेच लिहीन." त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहा. बारात पंचमीला येईल."

मी 'बारात' लिहिले. पुढची दीड पाने तशीच लिहिली. दोन ठिकाणी हात अडखळला, पण थांबला नाही. त्यांनी कागद घेतला, अक्षरे वाचता येत नसूनही चष्म्याआडून निरखला, आणि विचारले, "बरोबर झाली ना, चिठ्ठी?"

"हओ," मी म्हणालो.